रंग मागवा, माती मागवू नका

गेल्या श्रावणात मी दोन पार्सलं मागवली. एकात स्पेनच्या व्हॅलेहो कंपनीचे रंग आणि ब्रशनं लावायचा प्रायमर होता. दुसऱ्यात 'बेसिंग किट' म्हणून एक परदेशी डबा होता, चित्रांच्या पायाखालची जमीन करायच्या सामानाचा. दोन्ही माझ्याकडच्या जुन्या शिशाच्या चित्रांसाठी. आता वर्ष झालं, 31 पैकी 26 चित्रं पुरी झाली, तेव्हा अनुभव लिहून ठेवतो. रंगांबद्दल थोडक्यात उरकतो, कारण त्यांच्याबद्दल तक्रारच नाही. डब्याबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे. 1,150 रुपये मोजून जे मागवलं, ते माझ्या परसात, कामाच्या ठिकाणी आणि आमच्या बेळगावच्या जांबोटी रोडच्या कडेला पडलेलं होतं, आणि त्यातलं बरंचसं डब्यातल्यापेक्षा सरस निघालं.

चित्रं म्हणजे मिनिएचर, धातूच्या बोटभर बाहुल्या. दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडतो त्यांना लहानपणापासून आम्ही चित्रंच म्हणतो, म्हणून ह्यांनाही घरात तेच नाव पडलं. ही मात्र गॉब्लिन आणि ऑर्क हे परदेशी गोष्टींतले राक्षस, सांगाडे, दोन बुटके योद्धे आणि एक जादूगार अशी आहेत. माझा आतेभाऊ बोटीवर नोकरीला होता. नव्वदच्या दशकात इंग्लंडच्या एका बंदरात बोट थांबली असताना जुन्या सामानाच्या बाजारातनं त्यानं हा खोका उचलला. त्याच्या पोराला त्यात रस वाटला नाही. खोका वीसेक वर्षं माळ्यावर पडला आणि घर रंगवायला काढलं तेव्हा माझ्याकडं आला.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला आहे, 22 वर्षं. त्यामुळं पहिलं चित्र हातात घेतलं तेव्हा मी चेहरा बघितलाच नाही, पार्टिंग लाइन बघितली, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली खूण. कानाच्या टोकापासून खांद्यावरून खाली घोट्यापर्यंत केसाएवढी रेघ. आमच्याकडं वाळूच्या साच्यात तेराशे-चौदाशे अंशांवरचं लोखंड ओततात. हे काम वेगळं. रबराच्या गोल साच्याला गरगर फिरवून मधोमध धातू ओतायचा, म्हणजे तो फेकला जाऊन नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचतो. शिसं 327 अंशांला वितळतं, कथील 232 ला, आणि दोन्हींचं बरोबर प्रमाण जमलं की मिश्रण 183 अंशांलाच पातळ होतं. म्हणून रबराचा साचा टिकतो, आणि म्हणूनच एवढं बारीक काम उठतं. एका गॉब्लिनचं तोंड चार मिलिमीटरचं असेल. त्यात खालच्या ओठावर आलेला एक सुळा, नाकावर मस, आणि एक डोळा मिटून दुसऱ्यानं बघितल्यासारखी नजर. त्या काळी सिटाडेल ह्या चित्रं करणाऱ्या कंपनीसाठी गॉब्लिन घडवणारे केव्ह ॲडम्स ह्याच कामासाठी ओळखले जातात. माझं चित्र त्यांच्या हातचं आहे का हे मला सांगता येणार नाही, पण ज्यानं घडवलं त्यानं चार मिलिमीटरात एक स्वभाव बसवलाय.

सिटाडेल ही इंग्लंडची कंपनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि वॉरहॅमर हा तिच्या चित्रांवर खेळायचा लढाईचा खेळ 1983 ला आला. 1997 च्या सुमारास त्यांनी धातूतलं शिसं काढून टाकलं. माझा खोका त्याआधीचा, म्हणजे शिसं धरूनच चालायचं. बायकोनं पहिल्याच दिवशी बजावलं, "जेवायच्या टेबलावर हे नको. आणि हात धुतल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते." तिचं बरोबर आहे. माझं टेबल व्हरांड्यात आहे, तिथं चहासुद्धा पीत नाही. कानस कोरडी मारत नाही, पाण्यात बुडवून मारतो, आणि खालचा कागद घडी घालून पिशवीत बांधून टाकतो. घरात लहान पोरं असतील तर हा नियम पहिला.

खोक्यातल्या तीन चित्रांवर पांढरी पूड आली होती. मला आधी बुरशी वाटली. ती बुरशी नव्हे, शिसं कुजतं. लाकडातनं, पुठ्ठ्यातनं आंबट वाफ निघते, म्हणजे ॲसेटिक ॲसिडची, आणि दमट हवेत ती शिशाला खाते. आमच्याकडच्या पावसात माळ्यावरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात वीस वर्षं ठेवल्यावर आणखी काय होणार? ओल्या ब्रशनं पूड काढली, वाळवलं, लगेच प्रायमर दिला. दोन वाचली. तिसऱ्याच्या भाल्याचं टोक हातातच चुरा झालं. आता सगळी चित्रं प्लास्टिकच्या डब्यात असतात, लाकडी कपाटात नाहीत.

जुना रंग उतरवायला डेटॉल वापरलं. ही युक्ती इंग्लंडातल्याच रंगवणाऱ्यांची. पाणी न घालता चित्र त्यात रात्रभर बुडवायचं, दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशनं घासायचं. घासून पुरतं होईपर्यंत नळाखाली धरायचं नाही, आधी डेटॉलमध्येच खळबळून घ्यायचं. हे मला माहीत नव्हतं. पहिल्या ऑर्कला तसाच पाण्याखाली धरला आणि सुटलेल्या रंगाचा चिकट डिंक झाला, तो काढायला दोन संध्याकाळी गेल्या.

मग प्रायमर. इथं माझं आणखी एक महिन्याचं काम वाया गेलं. आषाढात, बाहेर झड लागलेली असताना, गाड्यांच्या रंगाच्या दुकानातनं आणलेला स्प्रे मी व्हरांड्यात मारला. वाळल्यावर चित्रांवर रवा भुरभुरल्यासारखी खर आली, गॉब्लिनचा मस कुठला आणि खर कुठली कळेना. स्प्रेचा दोष नाही, हवेचा आहे. एवढ्या दमट हवेत फवारा नीट बसत नाही. बेळगावात जून ते सप्टेंबर स्प्रे हातात घेऊ नका, एवढं माझं ऐका. बारा चित्रं परत डेटॉलमध्ये गेली, आणि त्याच रात्री मी ब्रशनं लावायचा प्रायमर मागवायचं ठरवलं.

व्हॅलेहोचा राखाडी प्रायमर पाऊस असताना लावला तरी सपाट बसला. पातळ दोन हात द्यायचे आणि एक दिवस हात लावायचा नाही. रंगांचं म्हणाल तर मॉडेल कलर ह्या मालिकेतल्या आठ बाटल्या घेतल्या, एक साधारण 300 रुपयांच्या आसपास पडली. महाग वाटतं. पण थेंब पाडायचं तोंड असल्यामुळं वाया जात नाही, आणि 26 चित्रांनंतर सगळ्यात जास्त वापरलेली बाटलीसुद्धा अजून अर्ध्यावर आहे. ही कंपनी 1965 ला अमेरिकेत न्यू जर्सीला सुरू झाली, 1969 ला स्पेनला गेली, आणि सुरुवातीला कार्टून फिल्मसाठी रंग करायची. पातळ लावला तरी खालचं झाकणारा आणि वाळल्यावर चकाकी न येणारा रंग त्या कामाला लागतो. चित्रांनाही नेमका तोच लागतो. आधी मी घरात पडलेले कापडावरचे रंग वापरून बघितले होते. त्यांत रंग चांगला असतो, पण तो कापडात मुरायला केलेला असतो. चार मिलिमीटरच्या तोंडावर तो सायीसारखा साचतो आणि सुळा गडप होतो.

दोनास एक पाणी घालायचं, बाटली अर्धा मिनिट हलवायची. रंग ओला राहावा म्हणून कुंदा मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंगाचे थेंब. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग तसाच. कामावरून येऊन जेमतेम पाऊण तास मिळतो मला, त्यामुळं ह्या डब्याचा मोठा आधार आहे. रंगांचं एवढंच.

आता बेसिंग किट. चित्राच्या पायाखाली 20 किंवा 25 मिलिमीटरची चौकोनी प्लास्टिकची बैठक असते, तिला बेस म्हणतात. तिच्यावर जमीन करायची. डबा सुरेख होता. आत सहा कप्पे. बारीक वाळू, जाड खडी, बुचाच्या लाकडाचे तुकडे, हिरव्या गवताचे चिकट झुपके, सुटं नायलॉनचं गवत आणि वाळकी पानं. पानं बघून मी चाट पडलो. एकेक पान दोन मिलिमीटरचं, तीन टोकांचं, खऱ्यासारखं. शोधल्यावर कळलं की ती पानं नव्हेतच, बर्च झाडाच्या तुऱ्यातले बारीक खवले आहेत. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा भाऊबंद. ह्या एका कप्प्यासाठी डब्याला पैकीच्या पैकी गुण.

पहिले चार गॉब्लिन मी पूर्णपणे डब्यातल्या मालावर उभे केले. वाळू चिकटवली, तपकिरी केली, वर फिकट रंगाचा कोरडा, म्हणजे रंग जवळजवळ पुसून घेतलेला, ब्रश फिरवला, गवताचे झुपके लावले, आणि बेसची कड जुन्या सिटाडेल पद्धतीनं पोपटी हिरवी रंगवली. छान दिसले. लेक आठवीला आहे, तिनं एक उचलून डोळ्यापाशी धरला. म्हणाली, "पप्पा, असलं गवत कुठं असतंय?"

"इंग्लंडात."

"मग ह्यो आपल्याकडं आलाय ते त्याला सांगा की."

मी हसलो, पण झोपताना तेच डोक्यात. गवत एकसारखं हिरवं, जमीन एकसारखी तपकिरी. आपल्याकडं जमीन अशी नसतेच. खानापूरकडं निघालं की पिरनवाडी सोडल्यावर कडेची माती तांबडी होत जाते, जांबोटीकडं तर पायांना, चाकांना, भिंतीच्या खालच्या हातभर उंचीलाही तोच रंग चढतो. किल्ला करताना हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. माती परसातली, दगड गटारीच्या कडेचे, वर अळीव पेरायचा, चौथ्या दिवशी हिरवं. बेसिंग म्हणजे दुसरं काय आहे? फक्त किल्ला 25 मिलिमीटरचा.

तिथनं मी एकेक कप्पा बदलायला लागलो.

आधी वाळू. डब्यातली वाळू वाईट नाही, पण दाणा मोठा. चित्र 28 मिलिमीटरचं, म्हणजे माणूस साधारण 64 पट लहान केलेला. ह्या हिशेबानं एक मिलिमीटरचा दाणा म्हणजे बटाट्याएवढा दगड झाला. सगळी जमीन बटाट्यांनी भरलेली कशी दिसेल? आमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथं, सिलिका सँडची पोती असतात, दाणा जवळजवळ पाव मिलिमीटरचा. 64 नं गुणा, दीड सेंटिमीटरची खडी होते. रस्त्याकडेला असते तशी. साहेबांना विचारून एक डबा भरून घेतला. मोल्डिंगचा कानडी मित्र बघत होता, त्यानं विचारलं, "उसुकु याक री?" वाळू कशाला म्हणून. मी म्हटलं, "गोंबीगे." बाहुल्यांसाठी. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः चाळून तीन जाडीच्या तीन पुड्या करून दिल्या. माझ्याकडचं सगळ्यात चांगलं बेसिंगचं सामान आजही तेच आहे. एक मात्र सांगतो, कारण हे काम मी जवळून बघितलंय. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. वाळू चार पाण्यांनी धुवायची, उन्हात वाळवायची, फुंकर मारायची नाही, आणि जास्तीची झटकायची तर बाहेर, तोंडाला मास्क बांधून.

मग दगड. बुचाचे तुकडे रंगवले की दगडासारखे दिसतात खरे, पण थरांचे दिसतात, आणि आपला दगड थरांचा नाही, भोकांचा आहे. आमच्या गल्लीत बांधकाम चाललं होतं. जांभ्याचे चिरे तासताना खाली जो चुरा पडतो तो मूठभर आणला. नखाएवढा एक तुकडा घ्या आणि भिंगातनं बघा. आत पिवळं, कडेला तांबडं, भोकांच्या आत जवळजवळ काळं. 64 पट लहान माणसाशेजारी ठेवला की ती भोकं गुहेएवढी होतात. मी तो रंगवतही नाही. पातळ काळपट वॉश, म्हणजे पाण्यासारखा रंग, भोकांत सोडतो, वरच्या कडांवर इराकी सँड ह्या फिकट रंगाचा कोरडा ब्रश एकदा फिरवतो, झालं. माझा एक गॉब्लिन असल्या चिऱ्यामागं दबा धरून आहे. खोक्यात कुठल्याही इतर गॉब्लिनसारखाच होता तो. आता घरी येणारा प्रत्येक जण आधी त्यालाच उचलतो.

मातीनं मात्र मला दोन महिने खेळवलं. जांबोटी रोडची माती आणली, तव्यावर भाजली, कारण तिच्यात अंडी, बुरशी काय काय असतं. चहाच्या गाळणीनं चाळून फेविकॉलवर टाकली. वाळल्यावर तांबडी माती गडद, डागडागी झाली. फेविकॉल पिऊन माती आपला रंग सोडते. तीन बेस खरवडून काढले. शेवटी जे जमलं ते असं. खाली वाळूच, तिला कॅव्हलरी ब्राउन हा तांबूस रंग, वर फ्लॅट अर्थ ह्या तपकिरीचे ठिपके, कोरड्या ब्रशनं फिकट. खरी माती अगदी शेवटी, मलमलच्या फडक्यातनं गाळून, पिठीसारखी, मऊ ब्रशनं चित्राच्या पायांवर आणि बेसच्या खोलगट भागात. वर मॅट वार्निशचा हलका हात. मे महिन्यात शेतातनं आलेल्या माणसाचे पाय जसे घोट्यापर्यंत तांबूस असतात, तसे त्या ऑर्कचे पाय झाले. त्या दिवशी मी लेकीला हाक मारून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण बराच वेळ हातात धरून बसली.

मातीचा खटाटोप नको असेल तर गेरू घ्या. गणपत गल्लीत रांगोळीवाल्यांकडं मिळतो. दोन्हींचा तांबडेपणा लोहाच्या गंजाचाच, पण गेरू आधीच बारीक असतो. बेसची कडही मी आता गेरूच्या रंगाची करतो. पोपटी कड जुन्या चित्रांची ओळख आहे हे मला मान्य आहे, आणि पहिल्या चार गॉब्लिनची मी तशीच ठेवलीय. पण तांबड्या जमिनीला ती कड सोसत नाही.

दाट पाचोळा हवा तिथं आम्ही चहाचा चोथा वापरतो, धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून. ओलसर राहिला तर बुरशी धरतो. पावसाळ्यात करूच नका, उन्हाळ्यातच बरणीभर करून ठेवा. मोकळ्या जमिनीवर एखादंच पान पडलेलं दाखवायचं असेल तर मात्र डब्यातल्या भूर्जाच्या खवल्यांना तोड नाही. तो कप्पा मी जपून वापरतो. उंच गवताला नारळाचा काथ्या. सहा मिलिमीटर कापला की गुडघाभर कुसळी होते, आणि तिचा वाळका पिवळट रंग मार्गशीर्षानंतरच्या आपल्या माळासारखा असतो. खडकाच्या उभ्या कड्याला ऐनाची साल. मगरीच्या पाठीसारखी तडकलेली असते. झाडाची सोलू नका, खाली पडलेली मिळते.

चिकटवायला फेविकॉल उत्तम, पण शिशाच्या चित्रांसाठी एक काळजी घ्या. ह्या जातीचा पांढरा डिंक वाळताना थोडी आंबट वाफ सोडतो, म्हणजे मघाशी सांगितलेली तीच, शिसं खाणारी. म्हणून मी चित्राच्या तळाला, बेसच्या खाचेत जाणाऱ्या पट्टीलासुद्धा, सगळीकडून प्रायमर देतो. बेस पुरा झाल्यावर आठवडाभर उघड्यावर ठेवतो, मगच डब्यात बंद करतो. वाळू चिकटल्यावर वरून पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक थेंब सोडला की दाणे पुन्हा सुटत नाहीत.

आता पाच राहिलीत. त्यांत जादूगार आहे. त्याच्या झग्याला निळा द्यायचा की राखाडी ह्यावर लेकीचं आणि माझं अजून एकमत नाही. रंगांच्या दोन बाटल्या ह्या महिन्यात पुन्हा मागवतोय. डबा मागवणार नाही.

डब्यातले हिरवे झुपके बरेच उरले होते. दिवाळीत शेजारची पोरं किल्ल्यासाठी काय काय मागत फिरत होती, त्यांना देऊन टाकले. अळीव उगवला नव्हता त्यांचा. त्यांनी ते बुरुजाच्या पायथ्याला ओळीनं चिकटवले, आणि एक झुपका हट्टानं महाराजांच्या सिंहासनामागं.